वहीतले तेरा दिवस

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पीएफ आणि ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कामं करायला लागून मला वीसेक वर्षं झाली. चलन, नोंदणी, क्लेम. कामगाराला आम्ही आठवतो ते पैसे अडकले की. हा कामगारही तसाच आला, २०२२ च्या डिसेंबरात. एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायच्या कारखान्यात, नऊ वर्षं काढली, ऑर्डर तुटल्या, ३० नोव्हेंबरला चौदा जणांना घरी बसवलं. पीएफ काढायला आला होता. मी विचारलं, "ईएसआयसीचा बेरोजगारीचा क्लेम भरला का?" तो हसलाच. महिन्याला १३५ रुपये कापले जायचे, ते दवाखान्याचे एवढंच त्याला माहीत.

ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ ला सुरू झाली. नोकरी गेली तर सरासरी रोजीच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. पूर्वी पाव मिळायचे, कोविडात निम्मे झाले. याचा पगार १८,००० म्हणजे रोज साधारण ६००. त्याचे निम्मे ३००, नव्वद दिवसांचे २७,०००. आधी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, नंतर ऑनलाइन भरता यायला लागलं.

घोळ वेगळाच असतो. कामगार गेला की कंपनीने महिन्याच्या रिटर्नमध्ये कारणाचा आकडा टाकायचा असतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कामगार कपात. अकाउंटंट मंडळी डोळे मिटून २ टाकतात. चौदाच्या चौदा जणांना २! स्वतःहून सोडली म्हटलं की क्लेमवर शंका निघते. कपातीचं पत्र लेटरहेडवर काढून घ्यायला मला तीन चकरा पडल्या. तिसऱ्या वेळी मजकूर मीच टाइप करून नेला आणि सही होईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. जानेवारीत पहिल्या तीस दिवसांचे ९,००० त्याच्या खात्यावर पडले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो दुसऱ्या महिन्याच्या क्लेमसाठी आला. ३१ डिसेंबर ते २९ जानेवारी. मी तारखा टाकल्या आणि त्याने पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली.

"साहेब, यातले तेरा दिवस कमी करा."

दिंडोरीकडे त्याच्या मामेभावाची द्राक्षबाग. त्याच्या ओळखीने हा एका व्यापाऱ्याला बागा दाखवत फिरत होता, किलोमागे पन्नास पैसे कमिशनच्या बोलीवर. वहीत बारीक अक्षरात तारीख, गाव, द्राक्षाची जात, गोडी, सगळं लिहिलेलं: '९ जाने., जानोरी, थॉमसन, शुगर १६, आठ दिवस थांबा म्हणाले.' '१४ जाने., खेडगाव, सोनाका, भाव जमला नाही.' तेरा दिवसांत एकही सौदा नाही. पेट्रोल मात्र घरचं.

मी म्हटलं, "भाऊ, एक रुपया तरी आला का?"

"नाही. पण घरी बसलो नव्हतो ना."

फॉर्ममध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' एवढ्याच दोन तारखा. मधले दिवस वगळायला जागा नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने वही काढली नसती तर कुणाला पत्ता लागला नसता. दुसऱ्या कंपनीने त्याच्या आयपी नंबरवर, म्हणजे विम्याच्या नंबरवर, वर्गणी भरली तरच सिस्टिमला नोकरी दिसते. बागेच्या बांधावर उभा असलेला माणूस सिस्टिमला दिसत नाही. माझ्या ऑफिसातला पोरगा पटकन म्हणाला, "सर, भरून टाका की!" माझ्याही मनात तेच आलं होतं, हे कबूल करतो.

पण त्याच्यासमोर ते बोलवेना. म्हणून त्याला घेऊन मी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पैसे मिळाले?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बेरोजगारच की." आतल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "धंदा सुरू केला ना? मग क्लेम बंद." दोन टेबलांत दहा पावलांचं अंतर. लेखी द्या म्हटलं तर दोघंही आपापल्या फायलीत शिरले. नोकरीत रुजू व्हायची तारीख असते. कमिशनवाल्याची कुठली धरायची? पहिली बाग पाहिली ती, सौदा झाला ती, की पैसे हातात पडले ती?

बाहेर टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "राहू द्या साहेब. उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." उरलेल्या साठ दिवसांचे १८,००० त्याने चहाच्या कपाबरोबर खाली ठेवले. मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही. वही दाखवून, लेखी अर्ज करून, निर्णय त्यांच्या गळ्यात घालता आला असता. त्या दिवशी ते सुचलं नाही. माझी फी लागलीच नव्हती, तरी चहाचे पैसे त्यानेच दिले.

एप्रिलच्या शेवटी तो द्राक्षांची पेटी घेऊन आला. फेब्रुवारी-मार्चात दोन सौदे झाले होते, २२ टन आणि १६ टन. कमिशन १९,०००, हातात आले ४,०००. व्यापारी फोन उचलत नव्हता.

"साहेब, बुडीत कमिशनचे दिवस बेरोजगारीत धरतात का हो?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. वहीची झेरॉक्स मी त्याच दिवशी काढून ठेवली होती. ती माझ्या फायलीत आहे, दुसऱ्या क्लेमच्या अर्धवट अर्जाला टाचलेली.