पीएचडी काँक्रीटच्या तड्यांवर, मग मी सिव्हिलची की मेकॅनिकलची?

बीई सिव्हिल झाल्यावर चार वर्षं स्ट्रक्चरल ऑडिटचं काम केलं. म्हणजे रोज 30 वर्षांच्या वरच्या सोसायट्या, हातात काँक्रीटची ताकद अंदाजायचा रिबाउंड हॅमर, आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुटून सळया बाहेर आलेले कॉलम. गंज लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा घेतो, तो आतून काँक्रीटला रेटतो आणि तडा बाहेर येतो, हे माहीत होतं, पण हा तडा किती दिवसांनी कव्हर फोडून बाहेर येईल असं सोसायटीचे काका विचारायचे तेव्हा माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि ते मला फार लागायचं.

म्हणून गेट ही प्रवेश परीक्षा, एमटेक आणि मग पवईला आयआयटीत पीएचडी. डोंबिवलीहून कांजूर, पुढे बस. कोर्सवर्क, क्वालिफायर परीक्षा, दरवर्षीचा प्रोग्रेस सेमिनार हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. वेळ खाल्ला तो फेज-फील्डने, म्हणजे तडा कसा वाढतो ते कॉम्प्युटरवर काढायच्या एका पद्धतीने. ग्रिफिथने 1921 च्या पेपरमध्ये मांडलं होतं की नवीन पृष्ठभाग तयार व्हायला लागणारी ऊर्जा सुटली तरच तडा पुढे जातो, 1998 मध्ये फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी तेच ऊर्जा मिनिमाइझ करण्याचं गणित करून मांडलं, आणि फेज-फील्डमध्ये तडा म्हणजे रेघ नसून 0 ते 1 बदलणारं एक फील्ड असतं. ऐकायला सुंदर, पण तड्याजवळ मेश (गणितासाठी केलेले तुकडे) इतकी बारीक लागते की एक रन दोन-दोन दिवस चालायचा आणि शेवटी कन्व्हर्जच व्हायचा नाही, म्हणजे उत्तर स्थिरच व्हायचं नाही. अबॅकस या सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा कोड (यूझर एलिमेंट) फोर्ट्रानमध्ये लिहून नीट चालायला सात महिने गेले. जानेवारी 2023 पासून फेलोशिप 31 हजारांची 37 हजार झाली, तेव्हा घरी थोडं हायसं वाटलं.

खरी परीक्षा प्राध्यापकाच्या नोकरीच्या अर्जांपासून सुरू झाली. रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट, तीन रेफरी, सगळं दिलं. एका ठिकाणी मेकॅनिकल विभागाने बीई सिव्हिल आहे म्हणून शॉर्टलिस्टच केलं नाही, दुसरीकडे सिव्हिलच्या कमिटीत सेमिनार अर्धा झाल्यावर एक सर म्हणाले, हा विषय तर मेकॅनिकलवाल्यांचा. त्या दिवशी दादरला गाडी बदलताना रडू आवरलं नाही. सॉलिड मेकॅनिक्स दोन्ही विभागांत शिकवतात, तरी त्यात काम करणाऱ्या माणसाने नेमकं कुठे जायचं हे कोणी सांगत नाही, आणि हे मला आजही चुकीचं वाटतं.

गाईड मॅडमनी माझी पहिली स्लाईड बघितली आणि म्हणाल्या, अगं, तू समीकरणापासून का सुरू करतेस, तुझा कॉलम कुठाय? पुढच्या इंटरव्ह्यूला ऑडिटमधला कॉलमचा फोटो आधी लावला, आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सिव्हिअर एक्सपोजरला (कडक हवामानात) 45 मिमी कव्हर लागतं तिथे प्रत्यक्षात किती होतं ते सांगितलं, आणि तो तडा मॉडेलमध्ये कसा येतो ते मग दाखवलं. फळ्यावर मोहर सर्कल (ताण दाखवणारं वर्तुळ) काढून समजावायला लावलं, सेकंड इयरला शिकवताय असं समजा म्हणाले. लॅबला पैसे कमी आहेत, काय कराल असंही विचारलं. मिठाचं पाणी, डीसी पॉवर सप्लाय आणि सळई घालून ओतलेले सिलिंडर एवढ्यात गंज लवकर घडवता येतो, असं सांगितलं.

तीन आठवड्यांनी सिव्हिल विभागातून ऑफर आली. आता लॅबमध्ये बारा सिलिंडर मिठाच्या पाण्यात आहेत, त्यातल्या दोन सिलिंडरांवर गेल्या सोमवारी केसाएवढी रेघ दिसली.