आमची वाटचाल: मंडईलगतचा गाळा, वजनकाटे आणि पालिकेचं भाडं

आमचा धंदा वजनकाट्यांचा. काटे विकतो, दुरुस्त करतो आणि दरवर्षी वजनमापे खात्याकडून पासिंग, म्हणजे काट्याची पडताळणी, करून देतो. भाजीवाल्याच्या काउंटर काट्यापासून आडतीवरच्या प्लॅटफॉर्म काट्यापर्यंत, डेअरीपासून सराफापर्यंत सगळ्यांशी आमचा संबंध. दुकान सुरू झालं १९८४ साली, मंडईला लागून असलेल्या पालिकेच्या संकुलातल्या गाळ्यात. आजही तिथेच आहे. दुकान कसं वाढलं हे सांगायचं तर गाळ्याच्या भाड्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत आमचे बहुतेक निर्णय त्या भाड्यानेच ठरवले.

तेव्हा आमच्या शहरात नगरपालिका होती, महापालिका नंतर झाली. रस्ता रुंदीकरणात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, टपरी गेली, तशा आणखीही बऱ्याच जणांच्या गेल्या. पालिकेने संकुल बांधलं, गाळ्यांचे लिलाव केले. आप्पांनी आईच्या पाटल्या मोडून अनामत भरली आणि आतल्या बाजूचा १२० चौरस फुटांचा गाळा घेतला. रस्त्यावरचा परवडण्यासारखा नव्हता. भाडं महिना १८० रुपये, करार ३० वर्षांचा, दर पाच वर्षांनी २५ टक्के वाढ. ही अट करारातच छापलेली होती, त्यामुळे पुढच्या वाढीचा आकडा आप्पांना आधीच ठाऊक असायचा. वाढीच्या वर्षी ते दिवाळीनंतर थोडे पैसे बाजूला ठेवायचे. भाड्यावरून घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

त्या काळात काम होतं तागडीचं. दांड्याच्या मधली पोलादी धार झिजली की काटा जड चालतो, ती काढून घासायची, पुन्हा बसवायची, पारडी सारखी करायची. लोखंडी वजनांच्या खालच्या भोकात शिसं भरून वजन जुळवायचं, त्यावर निरीक्षकांचा शिक्का घ्यायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. पुष्कळ जुने दुरुस्तीवाले तिथे थांबले. आप्पांनी माझ्या धाकट्या भावाला इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय करायला लावलं, आणि लोडसेल, डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग सर्किट हे सगळं दुकानात होऊ लागलं. २००९ च्या वैधमापन कायद्याची अंमलबजावणी २०११ साली सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, त्यामुळे आमच्याकडे कायमचं गिऱ्हाईक आहे. दुरुस्तीचा परवाना मात्र जागेच्या पत्त्यासकट मिळतो. जागा बदलली की परवान्याची कागदपत्रं पुन्हा करावी लागतात. आमच्यासारख्याला ‘दुसरीकडे जा’ म्हणणं सोपं आहे, जाणं सोपं नाही. मंडई, आडत आणि सराफा एका हाकेच्या अंतरावर आहेत म्हणून तर काटा बिघडल्यावर माणूस तो उचलून आमच्याकडे आणतो.

२०१४ साली ३० वर्षं पूर्ण झाली. तेव्हा भाडं साडेपाचशेच्या आसपास होतं. आम्ही नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच दिला होता. त्यावर निर्णय झाला नाही. नाहीही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. मालमत्ता विभाग जुन्याच दराने पैसे घेत राहिला, फक्त पावतीवर ‘भाडे’ ऐवजी ‘वापर नुकसानभरपाई’ असं येऊ लागलं. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. पण करार जिवंत नाही म्हटल्यावर बँकेने टेस्ट वजनांच्या संचासाठी आणि यंत्रांसाठीचं कर्ज नाकारलं. छत गळत होतं, पण ज्या गाळ्यात उद्या राहू की नाही हे माहीत नाही, त्याच्या छतावर लाखभर रुपये कोण घालणार? संकुलातल्या जवळपास प्रत्येक दुकानाची हीच गोष्ट. पाच वर्षं सगळी इमारत दुरुस्तीविना उभी राहिली आणि तिची रया गेली. पालिकेची मालमत्ता, पालिकेच्याच अनिर्णयाने खराब झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पालिकेची बाजूही मांडायला हवी. महापालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की पालिकेची स्थावर मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. ही जागा शहराची आहे, आमची नाही. त्यात जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. पालिकेच्या हातातलं स्वतःचं मोठं उत्पन्न गेलं आणि राज्याच्या अनुदानाकडे बघण्याची वेळ आली. मग मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं याकडे लक्ष जाणारच. शिवाय आमच्याच संकुलात काही जण स्वतः दुकान न चालवता गाळा पोटभाड्याने देऊन महिना आठ-दहा हजार कमावत होते आणि पालिकेला पाच-सहाशे भरत होते. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाले, ते योग्यच होते. असे गाळे काढून घ्यावेत असं मी आमच्या बैठकीतही उभं राहून बोललो आहे आणि काही जुने शेजारी त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याने महापालिकांच्या स्थावर मालमत्तेच्या भाडेपट्ट्याचे नवे नियम काढले. भाडं ठरवायचं ते चालू बाजारमूल्यावर, आणि दर वर्षाला त्याच्या निदान आठ टक्के. बाजारमूल्य म्हणजे व्यवहारात रेडीरेकनर, सरकारचा जागांच्या दरांचा तक्ता. आमच्या भागातला दुकानाचा दर धरून हिशेब केला तो असा: १२० चौरस फूट म्हणजे ११.१५ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ७०,००० रुपये धरला तर गाळ्याचं मूल्य ७,८०,५००. त्याचे आठ टक्के वर्षाला ६२,४४०, म्हणजे महिना ५,२०० च्या वर. साडेपाचशेवरून एकदम बावन्नशे. त्यावर १८ टक्के जीएसटी. आम्ही नोंदणीकृत असल्यामुळे हा कर स्वतःच भरतो आणि त्याची वजावट घेतो, म्हणजे तो शेवटी आमच्या खिशातून जात नाही. पण शेजारचे शिंपीकाका नोंदणीकृत नाहीत. त्यांच्या बिलात पालिका तो कर वर लावते आणि त्यांना तो कुठूनच परत मिळत नाही. सगळ्यात लहान दुकानदाराला सगळ्यात महाग गाळा पडतो तो असा.

नोटीस आली ती एवढ्यावर थांबली नव्हती. करार संपल्याच्या तारखेपासून नव्या दराने फरक काढला होता. शास्ती आणि कर धरून आमच्या नावावर सव्वातीन लाखांच्या पुढे थकबाकी दाखवली होती. न भरल्यास कलम ८१ब खाली गाळा ताब्यात घेण्याची कारवाई. मी आप्पांच्या फायली काढल्या. १९८४ पासूनची एकेक पावती त्यांनी महिन्यानुसार टाचून ठेवलेली. ज्या माणसाने आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही, त्याच्या दुकानाच्या दारावर थकबाकीदार म्हणून कागद चिकटवला गेला. आप्पा तेव्हा हयात होते. त्यांनी तो कागद वाचला आणि घरी गेले. पुढचे काही दिवस ते दुकानात आले नाहीत.

सहा महिन्यांत लॉकडाऊन लागला. मंडई बंद, आठवडी बाजार बंद, काटे घरात. नोटिशीवर पुढे काही हललं नाही, पण ती मागेही घेतली गेली नाही. या काळात आम्ही धंद्याची रचना बदलली. गाळा हातचा जाऊ शकतो असं धरूनच चाललो. भावाने घराच्या माळ्यावर दुरुस्तीचं टेबल लावलं. पुढे बाजार उघडल्यावर तालुक्याच्या गावी जाऊन तिथेच काटे तपासून द्यायला सुरुवात केली. रेशन दुकानं, दूध संकलन केंद्रं, पतसंस्थांचे सोनेतारण विभाग यांच्याशी वार्षिक देखभालीचे करार केले. आज आमचं निम्म्याहून अधिक काम गाळ्याच्या बाहेर होतं. मंडईतलं गिऱ्हाईक मात्र गाळ्यावरच येतं, आणि नवीन काट्यांची विक्रीही तिथेच होते. बिघडलेला काटा घेऊन आलेली भाजीवाली बाई तासाभरात परत विक्रीला बसली पाहिजे, नाहीतर तिचा दिवस जातो. ते काम फोनवर होत नाही.

संकुलातल्या आम्हा गाळेधारकांचा लढा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो मोजणीपासून. पालिकेच्या नोंदीत प्रत्येक गाळ्याच्या क्षेत्रात पुढचा ओटा आणि सामायिक बोळ धरला होता. नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे काटा घ्यायला येत, त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं. आम्ही संयुक्त मोजणी मागितली. अभियंते टेप घेऊन आले, आम्हीही टेप धरला. बऱ्याच गाळ्यांचं क्षेत्र कमी निघालं. मोजमापावर पोट असलेल्या माणसाला याहून मोठं समाधान नाही. दुसरा मुद्दा होता तो एकाच दराचा. रस्त्यालगतचा गाळा आणि आतल्या बोळातला गाळा यांच्या गल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, मग मूल्य सारखं कसं? आणि तिसरा, ४० वर्षं जुन्या इमारतीला घसारा नको का?

इतर शहरांतही हेच चाललं होतं. जळगावात २०१२ साली मुदत संपलेल्या पालिकेच्या गाळ्यांचा वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला. नोटिसा, कोर्ट, सील, आंदोलनं. दोन्ही बाजूंचं त्यात नुकसानच झालं. पालिकेला वेळेवर पैसा मिळाला नाही आणि दुकानदाराला झोप मिळाली नाही. राज्यभरातून तक्रारी गेल्यावर २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. किमान दर निवासी, शैक्षणिक, धर्मादाय वापराला बाजारमूल्याच्या अर्धा टक्का आणि व्यावसायिक वापराला ०.७ टक्के झाला.

आमच्या संकुलात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी हिशेब केला तर ०.७ टक्क्याने आमचं भाडं महिना ४५५ रुपये येत होतं, म्हणजे २०१४ साली भरत होतो त्याहूनही कमी. मंडईला लागून गाळा आणि भाडं साडेचारशे, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. समोरच्या खाजगी इमारतीत तेवढ्याच जागेला आठ हजार मोजावे लागतात. त्या फरकाची झळ कुणाला बसते? ज्यांना पालिकेचा गाळा मिळाला नाही त्या दुकानदारांना आणि ज्यांच्या वॉर्डात रस्ता झाला नाही त्या लोकांना. नियमात ०.७ हा कमीत कमी दर आहे. त्याच्या वर किती घ्यायचं ते पालिकेने ठरवायचं. आठ टक्के माणूस उठवतात आणि पाऊण टक्क्यात शहर बुडतं. मधला आकडा शोधायचा तर दोन्ही बाजूंनी कागद घेऊन समोरासमोर बसावं लागतं.

आमच्याकडे शेवटी तसं बसणं झालं. नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, पण मालमत्ता विभागाच्या नव्या अधिकारी बाईंनी स्वतः संकुलात फिरून प्रत्येक गाळा पाहिला. आतल्या गाळ्यांना मूल्याच्या दोन टक्के, रस्त्यालगतच्यांना तीन, करार दहा वर्षांचा, दरवर्षी ठरावीक वाढ. मागचा फरक याच दराने, शास्तीशिवाय, हप्त्यांनी. आमचं भाडं साधारण तेराशे रुपये झालं आणि सव्वातीन लाखांचा फरक ऐंशी हजारांच्या घरात आला. बैठकीत काही जणांनी ०.७ शिवाय सही करणार नाही असं सांगितलं. आम्ही पहिल्या तुकडीत सही केली. आप्पांनी १९८४ साली जसा करार केला होता तसाच हा आहे. दहा वर्षांनी काय भाडं असेल ते आज कागदावर लिहिलेलं आहे.

नोंदणी झाल्यावर त्याच कराराच्या आधारे बँकेने कर्ज दिलं. टेस्ट वजनांचा नवा संच आला, छताचं वॉटरप्रूफिंग झालं, हाताखाली दोन मुलं शिकायला ठेवली. पुतण्या आता ट्रकच्या वजनकाट्यांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतो आहे, तालुक्यातल्या वेब्रिजवाल्यांना त्यासाठी आज लांबून माणूस बोलवावा लागतो.

पालिकेकडे आमच्या दोन मागण्या अजून पडून आहेत. पहिली, गाळ्यांचे दर दरवर्षी १ एप्रिलला, नव्या रेडीरेकनरबरोबरच, क्षेत्र आणि गाळा क्रमांकासह फलकावर लावावेत, म्हणजे कुणाचं भाडं किती हे मंडईत येणाऱ्या कुठल्याही नागरिकाला वाचता येईल. दुसरी, जमा होणाऱ्या भाड्यातला ठरावीक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्तीला राखून ठेवावा. संकुलाचं स्वच्छतागृह कित्येक वर्षं बंद आहे आणि मंडईत दिवसभर बसणाऱ्या बायकांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. दोन्ही अर्जांची पोच आमच्याकडे आहे. पुढची बैठक आर्थिक वर्ष संपण्याआधी लावू असं विभागाने लेखी कळवलं आहे, आणि त्यासाठी संयुक्त मोजणीचे तक्ते आम्ही तयार ठेवले आहेत.