सांगाडे पळवताना फासे दोनदा टाकायचे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत क्लेरिक (देवाच्या शक्तीने लढणारं पुरोहित पात्र) भुताखेतांना पळवतो तेव्हा फासे दोनदा टाकायचे असतात, आणि नेमकी दुसरी फेक खेळाच्या भरात राहून जाते. पहिली फेक सहा बाजूंच्या दोन फाशांची. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला सांगाड्यांसाठी बेरीज किमान ७, झोंबींसाठी ९, घूलसाठी (प्रेतं खाणाऱ्या भुतासाठी) ११ लागते. म्हणजे सांगाड्यांवर ५८ टक्के संधी, घूलवर जेमतेम ८. जमलं, की पुन्हा दोन फासे टाका; एकूण किती हिट डाइसचे (हिट डाइस म्हणजे शत्रूची ताकद मोजायचं माप) शत्रू पळतील ते ही बेरीज सांगते. समोर प्रत्येकी २ हिट डाइसचे पाच झोंबी आहेत आणि ७ पडले, तर तीनच पळतात, उरलेला १ वाया. अगदी कमी पडले तरी निदान एक पळतोच. राहिलेले दोघे मात्र चालून येतात, म्हणून पुढच्या फळीने जागा सोडू नये. ही अनिश्चितता मला फार आवडते.

याच खेळाच्या २०१४ च्या नियमांत पळवण्यासाठी असा आकड्यांचा तक्ता नाही. तीस फुटांच्या आत असलेल्या, क्लेरिकला पाहू किंवा ऐकू शकणाऱ्या प्रत्येक अनडेडने (म्हणजे अशा भुताखेताने) विस्डम सेव्ह, म्हणजे परिणाम टाळण्यासाठीचा फासा, टाकायचा. हुकला तर तो मिनिटभर लांब पळतो. पण जराही डॅमेज झालं की परिणाम तिथेच संपतो. तेव्हा पळणाऱ्याच्या पाठीत बाण मारू नका.