तो असा का वागतो?

जिन्यात गाठ पडली की तिसऱ्या मजल्यावरचे काका हमखास विचारतात, ‘‘तुम्ही मानसशास्त्र शिकवता ना? मग सांगा, आमचा धाकटा असा का वागतो?’’ ‘असा’ म्हणजे फोन उचलत नाही, आला की तासाभरात निघतो. मी विचारतो, ‘‘ड्यूटी काय असते त्याची?’’ काका वैतागतात. त्यांना स्वभाव हवा असतो: आतल्या गाठीचा, बायकोच्या मुठीतला, मुळातच कोरडा.

मी ड्यूटी का विचारतो, ते सांगतो. डार्ली आणि बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे विद्यार्थी, म्हणजे बरेचसे पुढे पाद्री होऊ घातलेले. शेजारच्या इमारतीत जाऊन त्यांना छोटं भाषण करायचं होतं. काहींना विषयच दिला होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणारा तो. जाताना एका दारात खोकत, कण्हत एक माणूस बसवून ठेवलेला. निवांत निघालेल्यांतले ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ म्हणून पिटाळलेल्यांतले फक्त १०. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्याला चक्क ओलांडून गेले!

हे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. आणि गेल्या मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरला सुपरव्हिजन होतं, निघायला उशीर झालेला, दोन-दोन पायऱ्या उतरत होतो. काका वर येत होते, त्यांची पिशवी फाटून कांदे घरंगळले होते. एक कांदा मी ओलांडला. संध्याकाळी बायकोकडून कळलं, ‘मास्तर फार शिष्ट झालेत’ असं काका खाली सगळ्यांना सांगत होते. मी म्हणालो, ‘‘मुळात खवचटच आहे म्हातारा.’’ ती हसली आणि भाकरी थापत राहिली.

कुणी असं का वागलं हे सांगताना अमेरिकनांपेक्षा आपल्याकडची प्रौढ माणसं परिस्थितीचा विचार जास्त करतात, असं मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांना १९८४ च्या अभ्यासात आढळलं होतं. शिकागो आणि म्हैसूरची तुलना होती ती. आमचा जिना त्यांनी पाहिला नसावा.

परवा काकांनी पुन्हा गाठलं. मी पुन्हा ड्यूटी विचारली. ते कठड्याला टेकले, जरा थांबून म्हणाले, ‘‘रात्रपाळी असते वाटतं हल्ली. पण म्हणून काय झालं?’’