पावसाची नक्षत्रं रात्री शोधताना: पहिल्या हंगामाची नोंदवही

बेळगावजवळ, जांबोटीकडच्या आमच्या गावात नक्षत्रांची नावं लहान पोरालाही पाठ असतात. मिरग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त, चित्रा, स्वाती. शेजारचे कन्नड बोलणारेही मिरगच म्हणतात, फक्त पावसाला मळी. पण ही नावं आमच्यासाठी पावसाची होती. गेल्या दिवाळीत आज्जीला विचारलं, मिरग आभाळात कुठं असतो? ती म्हणाली, "मिरगाचा पाऊस ठाव हाय बाळा, खरं मिरग कोण बघितलंय?" तिथून हे खूळ सुरू झालं.

नोव्हेंबर २०२५

सुरुवातच फसली. ऑनलाइन एक फिरती तारकाचकती मागवली होती. तिच्यावर बघून दोन आठवडे ध्रुवतारा अर्ध्या आभाळाच्याही वर शोधत बसलो. शेवटी चकतीच्या मागची बारीक अक्षरं वाचली: ती ५० अंश उत्तर अक्षांशासाठी छापलेली. बेळगाव आहे जेमतेम १६ अंशांवर, आणि ध्रुव क्षितिजापासून जवळपास तेवढ्याच अंशांवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. म्हणजे आपला ध्रुव दीड मूठ उंचीवर, आंब्याच्या झाडामागे. तोही फार ठळक नाही. सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे ध्रुव, ही शाळेपासूनची समजूत त्या रात्री गेली.

या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यामुळे शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या इंग्रजी एमवरून उत्तर दिशा शोधावी लागली. चकती पुतणीला खेळायला दिली. आता मोबाईलवर स्टेलॅरियम हे आभाळाचा नकाशा दाखवणारं अॅप, त्यात ठिकाण बेळगाव, आणि टॉर्चला लाल जिलेटीन कागद. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. काका अंगणातला दिवा लावून "काय दिसलं?" विचारायला येतात तेव्हा हे फार प्रकर्षानं जाणवतं.

डिसेंबर

मृग सापडला! जेवणं उरकून खळ्यावर गेलो तर पूर्वेला तीन तारे एकावर एक, उभ्या रांगेत. पुस्तकातल्या चित्रात ते आडवे असतात म्हणून आधी ओळखूच आले नाहीत. आपल्या अक्षांशावर मृग कुशीवर पडल्यासारखा उगवतो. हे तीन तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण, भोवतीचे चार म्हणजे त्याचे पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, निळसर पांढरा राजन्य. पंचांगातली आर्द्रा म्हणजे हीच काक्षी, असं बहुतेक ठिकाणी वाचलं. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. एका खुणेवर चार ठिकाणं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, राशींच्या नादी आधी लागू नये, असं माझं मत.

आणखी एक उपयोग: बाणाचे तारे खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीचं विषुववृत्त आभाळात ताणलं की होणारी रेघ) लागून आहेत, म्हणून ते जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात आणि नेमक्या पश्चिमेला मावळतात. आमचं खळं मी पूर्वाभिमुख समजत होतो, ते चांगलंच तिरकं निघालं.

मग मूळ कोडं. मृग डिसेंबरात रात्रभर दिसतो, तर जूनमध्ये "मिरग निघाला" म्हणजे काय? उत्तर कळल्यावर स्वतःवरच हसलो. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात येतो. तेव्हा तो भाग दिवसा सूर्यासोबत आभाळात असतो, दिसणार कसा? सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, आणि शेतकऱ्याचा पाऊस त्या मापानं मोजला जातो. आज्जीनं मिरगात मिरग पाहिला नाही यात तिची काहीच चूक नव्हती.

१३ तारखेच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव. दीड तासात सदतीस मोजल्या. काकांच्या मते चाळीस.

जानेवारी

पुनर्वसूचे तारे दोन असतात, मला तीन दिसले. वहीत चक्क "तिसरा तारा, फार तेजस्वी, नाव शोधणे" असं लिहिलंय. तो गुरू होता. ग्रह लुकलुकत नाहीत हे वाचलेलं, पण ऐनवेळी आठवत नाही. मित्राची १० बाय ५० दुर्बीण भिंतीवर टेकवून धरली तर गुरूशेजारी चंद्रांचे ठिपके एका रेषेत. हातात धरून दिसत नाहीत, टेकू पाहिजेच.

फेब्रुवारी

अमावस्येच्या रात्री राजहंसगडाच्या पायथ्याशी, येळ्ळूरकडे. बेळगाव शहराचा उजेड इथून उत्तरेला राहतो, म्हणून दक्षिण काळीभोर मिळते. नऊच्या सुमारास व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून दोन मुठींवर अगस्त्य. व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा, आणि त्या ५० अंशांच्या चकतीवर तो नव्हताच! तिकडून तो उगवतच नाही. बेळगावात राहण्याचा हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

गावाकडे मात्र उलटी अडचण. जांबोटीहून बेळगाव ईशान्येला, आणि सप्तर्षी नेमके त्याच पिवळट उजेडातून वर येतात. चौकोन दिसायला दहा वाजले.

एप्रिल

माझ्या यादीतली सर्वांत लाडकी रात्र. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती, आणखी पुढे नेला की पांढरी चित्रा. चित्रेच्या बाजूला हस्ताचे पाच तारे, खरंच पंजासारखे. आज्जीला खाटेवरूनच दाखवलं. "पडतील चित्रा तर भात न खाई कुत्रा, पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती," तिनं दोन्ही म्हणी म्हणून घेतल्या. मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चित्रा एवढी देखणी आसंल असं वाटलं नव्हतं."

मे

वळवाच्या ढगांनी अर्धा महिना खाल्ला. एका स्वच्छ रात्री पुन्हा येळ्ळूरला जाऊन दक्षिणेकडचा त्रिशंकू हा तारकासमूह पाहिला, त्याच्या शेजारी मित्र आणि मित्रक हे दोन तारे. त्रिशंकू अपेक्षेपेक्षा लहान निघाला.

२५ तारखेला रोहिणी निघाली. शिवारात भाताची धूळवाफ पेरणी चाललीये. संध्याकाळी बांधावर बसून पश्चिमेला पाहिलं: शुक्र, त्याच्या वर गुरू, आणि खाली धुरकट उजेडात एकटी काक्षी, तीही दुर्बिणीतूनच. बाण केव्हाच बुडाला होता. काकांनी विचारलं, "मिरग कुठं गेला रे तुझा?" मी सूर्य मावळला त्या जागेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "मग बियाणं आत घे, ढग आलेत."