कंबर कंप्युटरकडे, पाय कूलरकडे

दर उन्हाळ्यात धरणारी कंबर मी फिजिओथेरपीच्या पुस्तकात वाचली नव्हती. नाना मात्र ठाम होते. "ताई, दर उन्हायाम्हा मनी कंबर धरस."

नाना अमळनेरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेब लिहितात. सोबत एक्स-रे होता, त्यावर 'झीज' असा शेरा. पन्नाशीत अशी झीज कंबर न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही दिसते, म्हणून तो मी बाजूला ठेवला. कळ पायात उतरत नव्हती, बधिरपणा नव्हता, पायातली ताकद शाबूत, लघवीची तक्रार नाही. यातलं काही असतं तर त्यांना लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे धाडलं असतं. म्हटलं, नाना, बसायची जागा दाखवा.

गेले तेव्हा मे महिन्याची दुपार होती. डाव्या खिडकीत लोखंडी कूलर घरघरत होता. कंप्युटर समोर, भिंतीलगत. टेबलाखाली बारदानाचे गठ्ठे, त्यामुळे पाय आत जायला जागाच नाही. मग नाना पाय कूलरकडे सोडून बसायचे आणि कमरेतून वळून पावत्या मारायचे, मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून. पाण्याचा जार हाताशी, म्हणजे उठायचं कारणही नाही. पावसाळा लागला की कूलर बंद, खुर्ची आपोआप सरळ. एक्स-रेत हे कुठून दिसणार!

दारातला हमाल हसला, "पोती आम्ही उचलतो अन् कंबर नानांची जाते!" प्रश्न रास्त होता. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो; हालचालीने त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होतो, त्यातून त्यांचं पोषण चालतं. तासन् तास एकाच ठेवणीत, त्यातही पिळून बसलं की स्नायू आखडतात. (हमालांच्या कंबरा सुखात असतात असं नाही, ते फक्त दवाखान्यात उशिरा येतात.)

शेठ दहा हजारांची खुर्ची घ्यायला तयार होते, पण टेबल फिरवायला नाही. गल्ल्याचं तोंड उत्तरेलाच हवं! बरीच घासाघीस झाल्यावर गल्ला जागेवर राहिला आणि कंप्युटरचं टेबल कूलरच्या बाजूला फिरलं. बारदान मागच्या खोलीत गेलं. जुन्या वह्यांच्या थप्पीवर कंप्युटरचा पडदा चढवला, वरची कड नानांच्या डोळ्यांच्या रेषेत येईल इतका. पाठीच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी, कोपर टेबलाच्या उंचीला, तळवे जमिनीवर टेकलेले. जार मी मुद्दाम दाराशी ठेवायला लावला, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने तहान त्यांना उठवेल. आठवणीसाठी मोबाइलचा गजर लावून पाहिलेले माझे बहुतेक पेशंट आठवड्यात तो बंद करतात.

जून उजाडायच्या आत नानांच्या गोळ्या सुटल्या. जार मात्र शेठनी दोनदा उचलून पुन्हा टेबलाशी आणून ठेवला होता. मुनीम सारखा उठतो, कामाचा खोळंबा होतो म्हणून. फोन करून मी त्यांना एवढंच विचारलं, मागच्या मे महिन्यात नाना किती दिवस सुट्टीवर होते?