मंगळुरूचं सेंट अलॉयशियस चॅपल: छताकडे बघायला वेळ काढून जा

उडुपी, कोल्लूर, मुरुडेश्वर करणारी आपली मंडळी मंगळुरूला उतरतात ती बहुतेक पुढची गाडी पकडण्यासाठी. आम्ही मात्र तिथे मुक्काम केला तो लाइटहाउस हिलवरच्या या चॅपलसाठी, आणि एका सकाळीत ते उरकत नाही हे आत पाऊल टाकताच कळलं.

चॅपल १८८०च्या दशकातलं, जेझुईट या कॅथलिक धर्मसंघाच्या कॉलेजच्या आवारात. बाहेरून आतल्या गोष्टीचा अंदाज येत नाही. आत मात्र भिंती, कमानी, छत, सगळं चित्रांनी भरलेलं. हे काम अंतोनियो मोस्केनी या इटालियन जेझुईट ब्रदरचं. बेर्गामोजवळच्या स्तेझानो गावचा हा शिकलेला चित्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मंगळुरूला आला आणि साधारण दोन वर्षांत त्याने हे सगळं रंगवलं. पुढे १९०५ मध्ये कोचीला, वयाच्या ५१व्या वर्षी तो वारला.

भिंतींवर फ्रेस्को आहेत. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा, म्हणजे गिलावा सुकताना रंग त्यातच मुरतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, आणि हात चुकला तर तो भाग खरवडून पुन्हा करायचा. छतावरची चित्रं मात्र कॅनव्हासवर तैलरंगात आहेत. हा फरक लक्षात ठेवून बघा, एकाच हाताचं काम दोन माध्यमांत कसं दिसतं ते तिथे शेजारीशेजारी बघायला मिळतं. छतावर संत अलॉयशियस गोन्झागाचं चरित्र आहे. इटलीतल्या सरदार घराण्यातला हा मुलगा वारसा सोडून जेझुईट झाला आणि रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करताना १५९१ मध्ये, तेविसाव्या वर्षी गेला.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते चित्रांच्या कडेच्या नक्षीने. पानाफुलांच्या पट्ट्या, कोरीव वाटणाऱ्या चौकटी दगडातून उठून आल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊन तिरक्या नजरेने पाहिलं की कळतं, पृष्ठभाग सपाट आहे, सावली रंगवलेली आहे. उजेड कुठून येतो हे ठरवून प्रत्येक पानाला त्याच बाजूची सावली दिलेली. मागच्या भिंतीवरचं मुलांसोबतच्या येशूचं चित्रही चुकवू नका, वेदीकडे तोंड करून बसलं की ते पाठीमागेच राहतं.

मंगळुरूचा पाऊस आणि बारमाही दमट हवा अशा चित्रांची वैरी. ओल, बुरशी, निघालेला रंग यांची निगा घेत राहावी लागते. १९९१ ते १९९४ या काळात इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथे मोठं संवर्धन केलं. आज रंग इतके ताजे वाटतात त्याचं श्रेय मोस्केनीइतकंच या माणसांनाही द्यायला हवं.

आता जाणाऱ्यांसाठी. मुंबईहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळुरू सेंट्रलला पोचते. तिथून चॅपल रिक्षाने जवळच. दुसरं स्टेशन मंगळुरू जंक्शन शहराच्या मध्यभागापासून दूर आहे, तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा. हे प्रार्थनास्थळ आहे; मिस्सा, लग्नं, कॉलेजचे कार्यक्रम यांमुळे पाहुण्यांना थांबावं लागतं, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घ्या. रविवार टाळलेला बरा. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मोबाइलऐवजी छोटी दुर्बीण न्या, छतावरचे चेहरे नाहीतर दिसत नाहीत. आधी मधोमधच्या बाकावर शांत बसून छत बघा, मग उठून भिंतींच्या कडेने एक फेरी मारा. सोबत मुलं असतील तर संताची गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे चित्रांतला प्रसंग ती स्वतः ओळखतात. आवारातच कॉलेजचं अलॉयसियम नावाचं संग्रहालय आहे, तेही त्याच फेरीत बघून घ्या.